घाम येईनासा झाला म्हणजे साखर सोसू लागली का?

मधुमेह म्हटला की चर्चा होते ती साखर वाढण्याची. साखर किती वाढली, गोळी वाढवावी का, भात सोडावा का, आंबा एखादी फोड तरी चालेल का, असे प्रश्न दवाखान्यात रोज विचारले जातात. साखर कमी होण्याविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. घरातल्या मीटरवर २२० आकडा दिसला तर सगळे घर काळजीत पडते, पण ५५ दिसला तर "वा, पथ्य लागू पडले" असे म्हणून समाधान मानणारी माणसेही पुष्कळ आहेत. वस्तुतः त्या घटकेपुरता ५५ हा आकडा २२० पेक्षा किती तरी अधिक धोक्याचा असतो.

या सदराच्या एका वाचक भगिनींनी नेमका याच विषयावरचा प्रश्न पत्राने विचारला आहे. त्यांच्या यजमानांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि सहा वर्षांपासून ते सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन घेतात. पूर्वी साखर उतरली की त्यांचे हात थरथरत, दरदरून घाम येई, भुकेने जीव कासावीस होई आणि ते स्वतःच उठून साखरेचा डबा काढत. गेल्या वर्षभरात यातले काहीच होत नाही. एकदा सहज म्हणून तपासले तर मीटरवर ४६ आकडा आणि यजमान मात्र स्वस्थपणे वर्तमानपत्र वाचत बसलेले! त्यांचे म्हणणे असे की, शरीराला आता सवय झाली, कमी साखर सोसू लागली. हे खरे का, असे त्या विचारतात.

सवय झाली, हे खरे आहे. सोसू लागली, हे मात्र खरे नाही. ही सवय मेंदूला जडली आहे आणि ती कशी जडते हे कळले तर ती मोडताही येते. म्हणून आजचा सगळा लेख या एका प्रश्नासाठी.

मेंदूची भूक

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. त्याला दिवसाकाठी १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे तासाला साधारण चहाचा एक चमचा. आता गंमत पाहा. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून कोणत्याही वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे तेवढाच एक चमचा. मेंदूकडे स्वतःचा साठा असा जवळपास नसतोच. रोज पीठ आणायचे आणि रोज भाकरी भाजायची, असा त्याचा संसार. त्यामुळे यकृताने, म्हणजे लिव्हरने, साठवलेली साखर थोडी थोडी करून सतत रक्तात सोडणे हे मेंदूच्या दृष्टीने श्वासाइतकेच महत्त्वाचे असते.

येथे कोणी विचारील, मग निर्जळी एकादशी करणाऱ्या निरोगी माणसाचा मेंदू कसा चालतो? उपास लांबला की त्याच्या शरीरातील इन्शुलिन आपोआप कमी होते. यकृत साखर सोडत राहते, चरबी वितळू लागते आणि तिच्यापासून कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात. उपास दोन-तीन दिवसांवर गेला की मेंदू या कीटोनवर पुष्कळसे भागवून घेतो. पण टोचून घेतलेले इन्शुलिन कमी कसे होणार? ते ठरल्याप्रमाणे काम करीतच राहते. ते यकृताला साखर सोडू देत नाही आणि चरबीही वितळू देत नाही. म्हणजे मुख्य अन्नही बंद आणि पर्यायी अन्नही बंद. म्हणून निरोगी माणसाचा उपास आणि इन्शुलिन घेणाऱ्याची उतरलेली साखर यांची तुलना करणे मुळातच चूक आहे.

चार पहारे

एवढ्या नाजूक गोष्टीवर निसर्गाने पहाराही कडक ठेवला आहे. साखर सुमारे ८० च्या (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमच्या) आसपास आली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडणे आवरते घेते. हा पहिला पहारा. ७० च्या खाली जाऊ लागली की तेच स्वादुपिंड ग्लुकॅगॉन नावाचे दुसरे संप्रेरक सोडते आणि ते यकृताला साखर सोडायला लावते. हा दुसरा. जवळपास त्याच वेळी मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन सुटते. हा तिसरा. तरीही साखर उतरत ५५ च्या आसपास आली की माणसाला स्वतःला जाणवू लागते. छातीत धडधड, हातांना कंप, घाम, घाबरल्यासारखे होणे, भूक. ही सगळी शरीराने वाजवलेली घंटा असते, काही तरी खा म्हणून सांगणारी. हा चौथा आणि शेवटचा पहारा.

यानंतर, साधारण ५० च्या खाली, खुद्द मेंदूची उपासमार दिसू लागते. बोलणे अडखळते, समोरचे दोन-दोन दिसते, साधी बेरीज जमत नाही, माणूस विनाकारण चिडतो किंवा एकाच ठिकाणी टक लावून बसतो. साखर ३० च्या खाली गेली तर झटके येतात, शुद्ध हरपते. हे आकडे माणसागणिक थोडे मागेपुढे होतात, पण निरोगी शरीरात क्रम असाच असतो. आधी घंटा, मग धुके. मधल्या फटीत माणूस साखर खाऊन मोकळा होतो.

या सगळ्या पहाऱ्यांची मुख्य चौकी मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात आहे. तेथील काही पेशी रक्तातली साखर सारखी जोखत असतात. अशा पेशी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत व इतरत्रही आहेत, पण हुकूम सुटतो तो प्रामुख्याने येथून.

इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाचा पहिला पहारा मुळातच उठलेला असतो, कारण टोचलेले इन्शुलिन आवरते घेता येत नाही. लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ग्लुकॅगॉनचा दुसरा पहाराही काही वर्षांतच निकामी होतो. चाळिशीनंतरच्या नेहमीच्या मधुमेहात हे सावकाश, रोग जुना होत जाईल तसे घडते. उरतात अ‍ॅड्रिनॅलिन आणि घंटा. म्हणजे जुन्या रुग्णाची सगळी भिस्त या दोघांवर. आणि साखर वारंवार उतरल्याने नेमके हेच दोन बोथट होतात.

एका दुपारचा परिणाम

अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. फिलिप क्रायर आणि डॉ. सायमन हेलर यांनी १९९१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेह नसलेल्या निरोगी लोकांची साखर डॉक्टरांच्या देखरेखीखाली एका दुपारी सुमारे ५० पर्यंत उतरवली आणि काही वेळ तेथेच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा साखर उतरवून पाहिली, तर अ‍ॅड्रिनॅलिन कमी सुटले आणि घाम-धडधड ही लक्षणेही कमी झाली. म्हणजे फक्त एका दुपारच्या उतरणीने धडधाकट माणसाच्या मेंदूनेही दुसऱ्या दिवशीची घंटा हळू केली! जे निरोगी माणसात एका दिवसात होते, ते आठवड्यातून तीन-चार वेळा साखर उतरणाऱ्या रुग्णात किती होत असेल याची कल्पना करावी.

डॉ. क्रायर यांनी पुढे जे मांडले ते आज सर्वमान्य झाले आहे. साखर एकदा उतरली की पुढच्या वेळची घंटा उशिरा वाजते. घंटा उशिरा वाजल्याने माणूस उशिरा खातो, म्हणून साखर अधिक खोल उतरते आणि अधिक वेळ खाली राहते. त्यामुळे त्यापुढची घंटा आणखी उशिरा. असे करत करत पूर्वी ५५-६० ला वाजणारी घंटा ५० ला, मग ४५ ला, आणि शेवटी वाजेनाशीच होते.

मुख्य धोका यापुढे आहे. घंटेची पातळी जेवढी खाली सरकते, तेवढी मेंदूच्या कामकाजाची पातळी सरकत नाही. माणसाची विचारशक्ती, प्रतिसादाचा वेग, निर्णय घेण्याची ताकद ही ५० च्या खाली मंदावू लागतेच, मग घाम येवो की न येवो. निरोगी माणसात आधी घंटा आणि मग धुके असा क्रम होता. आता आधी धुके येते, आणि धुक्यात सापडलेल्या माणसाला घंटा ऐकू आली तरी ती कसली हे कळत नाही. पेपर वाचत बसलेल्या ज्या गृहस्थांची साखर ४६ निघाली, त्यांना त्याच क्षणी पानावरच्या बातमीचा सारांश विचारला असता तर कदाचित उत्तर वेळेवर आले नसते. पाहणाऱ्याला माणूस शांत दिसतो आणि माणसालाही आपण ठीक आहोत असे वाटते. कारण आपण ठीक आहोत की नाही हे ठरवणारा अवयवच उपाशी असतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साधारण चार-पाच प्रौढांमागे एकाची घंटा अशी बिघडलेली आढळते. एडिंबरो येथील डॉक्टरांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येऊ नये इतकी साखर उतरण्याचे प्रसंग अशा रुग्णांत इतरांच्या सुमारे सहापट येतात. त्यांनी रुग्णाला एकच प्रश्न विचारला होता: "साखर उतरायला लागली की तुम्हाला कळते का?" १ म्हणजे नेहमी कळते, ७ म्हणजे कधीच कळत नाही. ज्याचे उत्तर ४ किंवा त्याहून अधिक, त्याची घंटा बिघडलेली समजावी. इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि घरच्यांनाही विचारावा. दोघांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत!

मेंदू असे का करतो?

याचे एकच उत्तर अद्याप ठरलेले नाही. काही संशोधकांच्या मते साखर वारंवार कमी पडू लागली की मेंदू रक्तातून ग्लुकोज आत घेणारी आपली दारे वाढवतो. बाहेर टंचाई असूनही आत थोडेफार भागते आणि चौकीला टंचाईची वर्दीच मिळत नाही. १९९० नंतरच्या काही तपासण्यांत याला पुरावा मिळाला, काहींत मिळाला नाही. दुसरे मत असे की, हायपोथॅलॅमसमध्ये गाबा नावाचे एक आवर घालणारे रसायन वाढते आणि ते धोक्याचा हुकूम दाबून धरते. सेंट लुईसच्याच गटाने २००८ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले की, आदल्या दिवशी साखर उतरलेली असेल तर दुसऱ्या दिवशी थॅलॅमस या भागातील रक्तप्रवाह वाढतो. हा भागच इतरांना गप्प करीत असावा, असे त्यांचे अनुमान आहे.

स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधक याकडे निव्वळ सवय म्हणून पाहतात, आणि सर्वसामान्य माणसाला पटावे असे हेच स्पष्टीकरण आहे, असे मला वाटते. पिठाच्या गिरणीशेजारी राहायला गेलेल्या माणसाला पहिले आठ दिवस झोप लागत नाही. महिन्याभराने गिरणी चालू आहे की बंद हे त्याला सांगता येत नाही. कानात बिघाड नसतो. तोच तो आवाज पुन्हा पुन्हा आला आणि त्यातून ताबडतोब काही वाईट झाले नाही, की मेंदू त्याकडे लक्ष देणे सोडून देतो. एरवी ही मोठी सोय आहे. साखरेच्या बाबतीत मात्र ही सोय अंगावर येते. बहुधा ही सगळीच कारणे थोडी थोडी खरी असतील.

यात झोपेची भर पडते. गाढ झोपेत अ‍ॅड्रिनॅलिनचा प्रतिसाद तसाही मंद असतो. त्यामुळे रात्री दोन-तीनच्या सुमारास साखर उतरून तासन्‌तास खाली राहिली तरी पुष्कळांना जाग येत नाही. सकाळी डोके दुखणे, अंगावरचे कपडे घामाने ओले असणे, भयंकर स्वप्ने पडणे, उठल्यावर अंग मोडून आल्यासारखे वाटणे या खुणा असतील तर रात्रीची साखर तपासलीच पाहिजे. कित्येकदा दिवसाची घंटा बिघडण्याचे मूळ अशा न कळलेल्या रात्रींत सापडते.

आता वाचकांच्या मनात येईल की, याने स्मरणशक्ती जाते का? घाबरवणारे आणि बेफिकीर करणारे, असे दोन्ही टोकांचे उत्तर टाळले पाहिजे. अमेरिका व कॅनडातील पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंडे व नसा वाचतात हे त्याने सिद्ध केले; त्याचबरोबर काटेकोर उपचार घेणाऱ्यांत साखर गंभीरपणे उतरण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते, हेही दाखवले. याच रुग्णांची बुद्धीची चाचणी अठरा वर्षांनी केली तेव्हा, साखर अशी उतरल्याने बुद्धीवर परिणाम झाल्याचे आढळले नाही. सगळ्यांना हायसे वाटले. पण त्यांचा पाठपुरावा चालूच राहिला, आणि बत्तीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले तेव्हा, गंभीरपणे साखर उतरण्याचे प्रसंग ज्यांना अधिक आले त्यांच्या मेंदूचा वेग व चपळाई अधिक घटलेली दिसली. वयाबरोबर होणारी घट त्यांच्यात लवकर झाली, असे म्हणता येईल.

वयस्कर रुग्णांची बाब अधिक नाजूक आहे. कॅलिफोर्नियातील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या १६,६६७ रुग्णांच्या नोंदींवरून २००९ मध्ये असे दिसले की, साखर उतरल्यामुळे रुग्णालयात न्यावे लागलेल्यांना पुढे विस्मृतीचा आजार होण्याचे प्रमाण जास्त होते आणि असे प्रसंग जितके अधिक तितके ते वाढत होते. अर्थात यातून थेट कार्यकारण सिद्ध होत नाही. ज्यांची स्मृती आधीच क्षीण होऊ लागली आहे तेच एकदा गोळी घेऊन विसरतात आणि पुन्हा घेतात, किंवा गोळी घेऊन जेवायचे विसरतात, असेही असते. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. सत्तरीच्या आजोबांची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७ च्या आत आणण्याचा हट्ट मुलांनी धरू नये, असे म्हणतो ते यासाठीच. त्यांना इतर व्याधी असतील तर ८ च्या आसपासची सरासरीही डॉक्टर मान्य करतात.

घंटा पुन्हा वाजू लागते

आता चांगली बातमी. ही सवय मोडता येते. त्यासाठी औषध नाही, पण उपाय सोपा आहे: काही आठवडे साखर अजिबात उतरू द्यायची नाही. इटलीतील पेरुजा येथे १९९३ मध्ये आणि पाठोपाठ १९९४ मध्ये लंडन व सेंट लुईस येथे डॉक्टरांनी हे करून पाहिले. दोन-तीन आठवड्यांत रुग्णांना साखर उतरल्याचे पुन्हा कळू लागले आणि तीन महिन्यांपर्यंत सुधारणा चांगली दिसली. ग्लुकॅगॉनचा पहारा परतला नाही, अ‍ॅड्रिनॅलिन सगळ्यांत सारखे सुधारले नाही, पण घंटा वाजू लागली. आणि जीव वाचवायला बहुधा तेवढी पुरते.

ब्रिटनमध्ये २०१४ साली ९६ रुग्णांवरील अभ्यासात याचीच पुढची पायरी पाहिली गेली. काहींना इन्शुलिनचा पंप, काहींना रोजची इंजेक्शने. काहींना सतत साखर दाखवणारा सेन्सर, काहींना बोट टोचून मीटरवर तपासणी. सगळ्यांना शिकवले एकच, साखर उतरू न देणे. सहा महिन्यांत गंभीर प्रसंग सर्वच गटांत फार मोठ्या प्रमाणात घटले आणि साधे इंजेक्शन व साधे मीटर वापरणारे मागे पडले नाहीत. साखरेची सरासरीही बिघडली नाही. महागडे यंत्र परवडत नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. ज्यांना परवडते त्यांनी साखर उतरताच गजर करणारा सेन्सर जरूर लावावा. ज्याची स्वतःची घंटा बंद आहे त्याला ही उसनी घंटा उपयोगी पडते.

मीटरवाल्यांनी या काळात तपासणी वाढवावी. प्रत्येक जेवणाआधी, झोपण्यापूर्वी आणि आठवड्यातून एक-दोनदा रात्री तीनला. आकडा ७० च्या खाली दिसला तर काही होत नसले तरी साखर घ्यावी. ५४ च्या खालचा आकडा तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवण्याजोगा असतो. ठरावीक वेळीच साखर उतरत असेल तर त्या वेळी अमलात असलेला डोस कमी करणे किंवा मधल्या वेळचे खाणे वाढवणे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. मनाने इन्शुलिन बंद करणे हा उपाय नव्हे, त्यात साखर भलतीच चढून वेगळे संकट येते.

साखर उतरते तरी कशाने? आपल्याकडची कारणे आपल्याकडच्या दिनक्रमात आहेत. लग्नघरी बाराला इन्शुलिन टोचून घेतले आणि पंगत अडीचला बसली. चतुर्थीचा उपास धरला, पण सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली. वारीत चालले किंवा पेरणीच्या दिवसांत शेतात राबले. अशा श्रमांचा परिणाम त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशीही साखर उतरवतो. रात्री दारू घेतली, की ती यकृताला नवीन साखर तयार करू देत नाही. मूत्रपिंडे अशक्त झाली की औषध शरीरात साठते, म्हणून वर्षानुवर्षे चाललेला डोस एकाएकी जड पडू लागतो. इन्शुलिनप्रमाणेच ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांनीही साखर उतरते. त्यातही ग्लिबेनक्लामाइड वयस्करांना विशेष त्रासदायक. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ही भीती जवळजवळ नाही, त्यांनी हा लेख वाचून घाबरू नये. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर तिने धडधड आणि कंप झाकले जातात, घाम मात्र येतो. अशा रुग्णाने घामाकडे लक्ष द्यावे.

आणखी एक कारण असे आहे, की ज्याकडे सुशिक्षित घरांतही लक्ष जात नाही. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात, मिलिलिटरला ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. सिरिंजही दोन. लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. नेहमीच्या दुकानात नेहमीची बाटली नसली म्हणून १०० ची आणली आणि घरातल्या लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत भरली, तर अंगात १० नव्हे, २५ युनिट जातात. अडीचपट! बाटली बदलली की सिरिंज बदलली पाहिजे. दुकानातून निघण्यापूर्वी बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दोन्ही पाहून घ्यावेत.

घरच्यांसाठी

ज्याची घंटा बंद आहे त्याची घंटा घरच्यांनी व्हायचे असते. बोलणे तुटक झाले, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागले, माणूस एकाएकी चिडला किंवा गप्प झाला, ताटात कालवत बसला पण घास घेईना, की मीटर आणावे. मीटर हाताशी नसेल तर न तपासता साखर द्यावी. माणूस बहुधा नको म्हणतो, "मला काही झालेले नाही" असे ओरडतोही. त्याच्याशी वाद घालू नये. हे बोलणे त्याचे नसते, साखरेचे असते. तीन सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड अर्धा पेला पाण्यात ढवळून प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. पेढा, चॉकलेट किंवा पोळी आधी देऊ नये, त्यांतील साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. पोळी नंतर, सावरल्यावर. वोग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज या गोळ्या चालू असणाऱ्यांना घरची साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचे ग्लुकोज होऊ देण्यास वेळ लावते. त्यांच्या घरी ग्लुकोजचा डबाच हवा.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. कुशीवर वळवावे आणि दवाखान्यात न्यावे. घरात ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन असेल व देता येत असेल तर द्यावे.

साखर वर आली म्हणजे मेंदूही लगेच पूर्ववत होतो असे नाही. विचारशक्ती व प्रतिसादाचा वेग यायला पुढे अर्धा-पाऊण तास लागतो. ब्रिटनमध्ये मधुमेही वाहनचालकांना, साखर पूर्ववत झाल्यावर ४५ मिनिटे गाडी चालवू नये, असे सांगितलेले असते. आपल्याकडे मोटारसायकलवर ते पाळले जावे. ज्यांना साखर उतरल्याचे कळतच नाही, त्यांनी ते पुन्हा कळू लागेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, आणि ट्रॅक्टर, विहिरीचे काठ, उंचीवरची कामे यांपासूनही दूर राहावे.

शेवटी गोळीवाल्यांसाठी एक सूचना. ग्लिबेनक्लामाइड वा ग्लिमेपिराइडमुळे शुद्ध हरपलेला रुग्ण सलाइनमधून ग्लुकोज मिळताच पाच-दहा मिनिटांत उठून बसतो, बोलू लागतो आणि नातेवाईक त्याला घरी न्यायची घाई करतात. गोळीचा अंमल मात्र दिवसभर, मूत्रपिंडे अशक्त असतील तर त्याहूनही अधिक काळ टिकतो आणि साखर रात्री घरी पुन्हा उतरते. तेव्हा डॉक्टर चोवीस तास ठेवा म्हणाले, तर ठेवावे.